चिमणीचा वार्षिक हिशेब : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात अमेरिकेतील विषारी द्रव्य उत्सर्जन नोंदवहीविषयी एक छोटे टिपण छापले होते. कोळशावर आणि तेलावर चालणारे प्रत्येक मोठे वीजकेंद्र हवेत, पाण्यात व जमिनीवर कोणते रसायन वर्षाला किती सोडते, याचा आकडा तेथे केंद्राच्या नावानिशी जाहीर होतो आणि तो कोणालाही पाहता येतो, एवढाच त्याचा आशय होता. त्यावर कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतून पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत. काहींनी नाव न छापण्याची विनंती केल्यामुळे सर्वांच्याच बाबतीत फक्त ठिकाण दिले आहे.

अशी नोंदवही ठेवण्याची कल्पना कोठून आली? आणि वीजकेंद्रे तिच्यात पहिल्यापासून होती का? (राजारामपुरी, कोल्हापूर)

या नोंदवहीचे मूळ भोपाळमध्ये आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू बाहेर पडला आणि हजारो माणसे मेली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८५ मध्ये, त्याच कंपनीच्या अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या कारखान्यात गळती झाली आणि शंभराहून अधिक लोकांवर उपचार करावे लागले. आपल्या शेजारच्या कुंपणाआड काय साठवले जाते आणि त्यातले काय बाहेर येते, हे आपल्याला कोणीच सांगितलेले नाही, अशी ओरड तेथे सुरू झाली. त्यातून १९८६ मध्ये आपत्कालीन नियोजन व लोकांचा माहितीचा हक्क यांविषयीचा कायदा झाला. त्याच्या ३१३ व्या कलमाने ही नोंदवही सुरू केली. पहिला हिशेब १९८७ या वर्षाचा होता.

वीजकेंद्रे मात्र त्यात नव्हती. सुरुवातीला फक्त वस्तू तयार करणाऱ्या उद्योगांनाच माहिती देणे बंधनकारक होते. १९९७ मध्ये नियम बदलून खाणकाम, घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारे उद्योग आणि विक्रीसाठी वीज तयार करण्याकरिता कोळसा किंवा तेल जाळणारी केंद्रे त्यात घेण्यात आली. १९९८ हे त्यांचे पहिले नोंदवर्ष ठरले आणि ते आकडे २००० साली लोकांसमोर आले. तोवर प्रदूषण म्हटले की रासायनिक कारखाने, अशीच सर्वसाधारण समजूत होती. नव्या यादीत खाणी आणि वीजकेंद्रे एकदम अग्रभागी आल्यावर अनेकांना धक्का बसला. वास्तविक वीजकेंद्रे त्या वर्षी अचानक अधिक घाण करू लागली नव्हती. ती पहिल्यांदाच मोजली गेली होती.

ज्या देशात ती दुर्घटना घडली त्या आपल्या देशानेही १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा केला आणि १९८९ मध्ये घातक रसायनांच्या हाताळणीचे नियम केले. त्या रसायन नियमांचा रोख मुख्यतः अपघातावर राहिला : साठा किती, धोका कोणता, गळती झाली तर गाव कसे हलवायचे. दुर्घटना न होता, कारखाना सुरळीत चालू असताना दररोज जे बाहेर पडते त्याचा लोकांसाठीचा हिशेब आपल्याकडे मागे पडला. आमच्या मते आपली खरी उणीव तेथे आहे.

कोळसा म्हणजे कार्बन. मग त्यातून आम्ल, पारा, आर्सेनिक येते कोठून? वीजकेंद्र ही रसायने वापरत तर नाही. (इचलकरंजी)

आपला प्रश्न त्या काळी तेथील वीज कंपन्यांनीही वेगळ्या शब्दांत विचारला होता. आम्ही रसायने तयार करत नाही, वीज तयार करतो, असे त्यांचे म्हणणे होते. कायद्याने त्याला दिलेले उत्तर असे की एखादे द्रव्य हेतुपुरस्सर नव्हे तर ओघाने तयार झाले, तरी ते ‘तयार केले’ असेच धरले जाईल.

कोळसा हा जमिनीत दबलेल्या वनस्पतींचा अवशेष असल्यामुळे त्यात माती व खनिजे मिसळलेली असतात आणि त्यांच्याबरोबर क्लोरीन, फ्लोरिन, गंधक, पारा, आर्सेनिक, शिसे, क्रोमियम, सेलेनियम, बेरियम अशी मूलद्रव्येही येतात. टनामागे त्यांचे प्रमाण अत्यल्प असते, पण जाळायचे टन लाखांत असतात. भट्टीच्या उष्णतेत क्लोरीनचे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फ्लोरिनचे हायड्रोजन फ्लोराइड बनते. गंधकाचा बहुतेक भाग सल्फर डायऑक्साइड होऊन जातो, तर थोडा भाग आणखी ऑक्सिजन घेऊन पाण्याच्या वाफेबरोबर गंधकाम्लाचे धुके बनतो. बेरियम, क्रोमियम यांसारखे धातू बहुतांशी राखेत राहतात. आर्सेनिक आणि सेलेनियम भट्टीत वाफ होतात आणि धूर थंड होताना राखेच्या सर्वांत बारीक कणांवर जाऊन बसतात. हेच बारीक कण पकडायला अवघड असतात आणि श्वासाबरोबर सर्वांत खोलवर जाणारेही तेच. पाऱ्याचा मोठा भाग वायुरूपातच राहतो, त्यामुळे राख पकडणाऱ्या यंत्रणेतून, म्हणजे वीजकेंद्रातले लोक जिला ईएसपी म्हणतात तिच्यातून, तो बऱ्याच अंशी निसटतो.

तेलाचे चित्र वेगळे आहे. जड इंधन तेलात राख फारच कमी, परंतु व्हॅनेडियम आणि निकेल हे धातू ठळकपणे आढळतात. आपल्याकडे केवळ तेलावर चालणारी मोठी वीजकेंद्रे जवळपास नाहीत. कोळशाचा बॉयलर पेटवताना आणि भार कमी असताना ज्योत टिकवण्यासाठी मात्र तेल वापरावे लागते.

प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरवलेल्या मर्यादेच्या आत उत्सर्जन असेल तर आणखी निराळा आकडा जाहीर करण्याची गरज काय? (शिवाजी विद्यापीठ परिसर, कोल्हापूर)

या प्रश्नाला आम्ही मुद्दाम अधिक जागा देत आहोत, कारण मर्यादा एका गोष्टीची असते आणि लोकांना जाणून घ्यायची असते दुसरीच.

आपल्याकडील मर्यादा धुरातील प्रमाणावर बांधलेली आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१५ रोजी औष्णिक वीजकेंद्रांसाठी जी मानके जाहीर केली, त्यांत धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पारा यांच्या मर्यादा दर घनमीटर धुरामागे इतके मिलिग्रॅम, अशा रीतीने दिल्या आहेत. पाऱ्यासाठी ही मर्यादा ०.०३ मिलिग्रॅम आहे. आता एक हिशेब मांडून पाहू. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालवायला भारतीय प्रतीचा कोळसा ताशी ढोबळमानाने ३५० टन लागतो आणि त्यातून ताशी सुमारे २० लाख घनमीटर धूर निघतो. कोळशात टनामागे ०.१ ग्रॅम पारा आहे असे धरू. प्रत्यक्षात हे प्रमाण खाणीगणिक बदलते. म्हणजे ताशी ३५ ग्रॅम पारा भट्टीत जातो. त्यातला काहीही राखेत न अडकता सगळाच्या सगळा चिमणीतून बाहेर पडला असे मानले, तरी दर घनमीटरला ०.०१७५ मिलिग्रॅम एवढेच प्रमाण येते. तपासणी अहवालात त्यापुढे ‘मर्यादेत’ असा शेरा बसेल आणि तो खराही असेल.

हाच संच वर्षातून ७,००० तास चालला तर साडेचोवीस लाख टन कोळसा जळेल आणि त्याबरोबर भट्टीतून गेलेला पारा २४५ किलो भरेल. हा पारा नाहीसा होत नाही. हवेतून तो पाण्यात उतरतो, तेथील सूक्ष्मजीव त्याचे मिथाइल पारा या अधिक घातक रूपात रूपांतर करतात आणि माशांच्या साखळीत तो चढत्या प्रमाणात साठत जातो. गर्भातील बाळाच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो हे सर्वमान्य आहे. अमेरिकेच्या नोंदवहीत पाऱ्यासाठी नोंद सक्तीची होण्याची पातळी २००० या नोंदवर्षापासून वर्षाला १० पौंड, म्हणजे सुमारे साडेचार किलो, इतकी खाली आणली गेली. आपल्या हिशेबातल्या संचाने ती पातळी साडेपाच दिवसांत ओलांडली असती. ‘मर्यादेत आहे’ आणि ‘वर्षाला सव्वादोनशे किलोहून अधिक पारा भट्टीतून जातो’ ही दोन्ही विधाने एकाच संचाविषयी एकाच वेळी खरी असू शकतात. त्यातले पहिलेच जर आपल्या कानावर येत असेल तर आपल्याला अर्धीच गोष्ट सांगितली जात आहे.

धुळीचेही असेच. २००४ ते २०१६ या काळात उभारलेल्या संचांना दर घनमीटरला ५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ती तंतोतंत पाळली तरी वरच्या आकाराचा संच ताशी १०० किलो, म्हणजे वर्षाला ७०० टन बारीक राख हवेत सोडतो. एकाच आवारात असे चार संच असतील तर चारही मर्यादेत असतील आणि खालच्या गावावर मात्र चौपट धूळ पडेल.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. वार्षिक बेरीज क्षणाचा त्रास लपवते. बॉयलर पेटवताना, ईएसपी पूर्ण सुरू होण्याआधी, किंवा एखादा भाग नादुरुस्त असताना तासभर जो काळा लोट निघतो, तो वर्षाच्या बेरजेत नगण्य दिसतो. घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याला तोच तास महत्त्वाचा असतो. म्हणून प्रमाण आणि बेरीज दोन्ही हवीत. अमेरिकेतही विषारी द्रव्यांची ही वार्षिक नोंदवही आणि चिमणीतील सल्फर डायऑक्साइडची तासागणिक नोंद या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि कार्बन डायऑक्साइड नोंदवहीच्या यादीत मुळात नाहीतच, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही आणि मग यादीवरून चुकीचे निष्कर्ष निघतात.

वर्षाला इतके लाख किलो असे आकडे वाचून घाबरून जायचे का? (जयसिंगपूर)

घाबरण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ते द्रव्य कोणते. हजार किलो हायड्रोक्लोरिक आम्ल आणि हजार किलो पारा यांची बेरीज करून दोन हजार किलो विष, असे म्हणण्यात अर्थ नाही, पण बातम्यांत ते सर्रास होते. दुसरी, ते गेले कोठे. नोंदवहीत ‘उत्सर्जन’ या शब्दात हवेत सोडलेले, पाण्यात सोडलेले आणि राखेच्या तळ्यात किंवा भरावात टाकलेले, हे सारे येते. वीजकेंद्रांच्या आकड्यात धातूंचा मोठा भाग या राखेतला असतो. तिसरी, माणसांपर्यंत ते किती पोहोचते, आणि हे नोंदवही सांगतच नाही. त्यासाठी वाऱ्याची दिशा, चिमणीची उंची, विहिरींचे अंतर, खाण्यातले मासे असे बरेच काही पाहावे लागते.

तरी राखेच्या तळ्यातला आकडा ‘फक्त जमिनीवरचा’ म्हणून सोडून देण्यासारखा नसतो. अमेरिकेत टेनेसी राज्यातील किंग्स्टन येथे २२ डिसेंबर २००८ रोजी राखेच्या तळ्याचा बांध फुटला आणि ओली राख नदीत व घरांवर पसरली. आपल्याकडे मध्य प्रदेशातील सिंगरौली भागात एप्रिल २०२० मध्ये असाच बांध फुटून माणसे वाहून गेली. जे तळ्यात साठले आहे ते कागदावर दिसत असेल तरच त्याच्या बांधाची विचारपूस आधी होऊ शकते.

आपल्या जिल्ह्यात कोळशाचे वीजकेंद्रच नाही. मग या चर्चेचा आपल्याला काय उपयोग? (गडहिंग्लज)

कोल्हापूर जिल्ह्यात मोठे औष्णिक केंद्र नाही हे खरे. राधानगरीला जलविद्युत आहे, शेजारी साताऱ्यात कोयना आहे. पण आपल्या घरातली वीज राज्याच्या सामायिक जाळ्यातून येते आणि त्या जाळ्यात चंद्रपूर, कोराडी, भुसावळ, परळी येथील केंद्रांचा वाटा मोठा आहे. सह्याद्रीच्या पलीकडे, रत्नागिरी जिल्ह्यात जयगडला, १,२०० मेगावॅटचे कोळशाचे केंद्र आहे. विदर्भातल्या माणसाच्या श्वासाचा खर्च आपल्या बिलात दिसत नाही, एवढ्यावरून तो खर्च होतच नाही असे म्हणता येणार नाही.

दुसरे असे की इंधन जाळून वीज आणि वाफ तयार करणारे बॉयलर आपल्या जिल्ह्यात भरपूर आहेत. साखर कारखान्यांचे सहवीजनिर्मिती प्रकल्प बगॅसवर, म्हणजे उसाचा रस काढल्यावर उरलेल्या चोथ्यावर, चालतात आणि काही ठिकाणी पूरक इंधन म्हणून कोळसाही वापरतात. इचलकरंजीत कापडावर प्रक्रिया करणाऱ्या प्रोसेसर्सचे बॉयलर आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींत फौंड्र्या आहेत. त्यांतील लोखंड वितळवणाऱ्या क्युपोला भट्ट्यांत कोक जळतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत, म्हणजे हवेची मानके न पाळू शकलेल्या शहरांत, कोल्हापूर आणि सांगली ही दोन्ही शहरे आहेत. एखाद्या चिमणीतून वर्षाला किती बाहेर पडते हा प्रश्न त्यामुळे कोल्हापूरकरांनी विचारण्यात काहीच वावगे नाही.

२०१५ च्या मानकांची अंमलबजावणी झाली का? (शाहूपुरी, कोल्हापूर)

अर्धवट. दोन वर्षांत म्हणजे २०१७ अखेर ती लागू व्हायची होती. मुदत पुढे पुढे ढकलली गेली. २०२१ मध्ये केंद्रांची जागेनुसार अ, ब, क अशी विभागणी झाली. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांजवळची केंद्रे पहिल्या गटात, अतिप्रदूषित भाग किंवा मानके न पाळणारी शहरे यांच्याजवळची दुसऱ्यात आणि उरलेली बहुसंख्य तिसऱ्यात. जुलै २०२५ मध्ये तिसऱ्या गटाला चिमणीच्या उंचीचा निकष पाळण्याच्या अटीवर सल्फर डायऑक्साइडच्या मानकातून सूट देण्यात आली. म्हणजे धुरातून गंधक काढणारी, एफजीडी नावाने ओळखली जाणारी यंत्रणा बसवण्याची सक्ती त्यांच्यावर राहिली नाही. उंच चिमणीने धूर दूर जातो आणि विरळ होतो, पण वर्षाच्या बेरजेतला एक किलोही त्यामुळे कमी होत नाही. अशा वेळी बेरीज जाहीर असणे अधिकच आवश्यक ठरते.

आमच्या गावाजवळच्या कारखान्याची अशी माहिती मिळवायची असेल तर कोठे आणि कशी मागावी? (कागल)

आपल्या कायद्यात ही माहिती गोळा करण्याची तरतूद आधीपासून आहे. पर्यावरण संरक्षण नियमांतील चौदाव्या नियमानुसार, ज्या उद्योगाला प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र लागते त्याने ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षाचे पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपूर्वी मंडळाकडे द्यायचे असते. हाच ‘नमुना ५’. त्याच्या ‘ब’ भागात पाणी व कच्च्या मालाचा वापर येतो. ‘क’ भागात बाहेर सोडलेल्या प्रदूषकांचा तपशील द्यावा लागतो आणि तेथे प्रमाणाबरोबरच दिवसाचे वजन हाही रकाना आहे. पुढच्या भागांत घातक कचरा आणि घनकचरा येतो. थोडक्यात, अमेरिकेच्या नोंदवहीत जे विचारले जाते त्याचा सांगाडा आपल्या नमुन्यात १९९० च्या दशकापासून आहे. ही विवरणपत्रे सर्व उद्योगांची एकत्र करून, गावाच्या किंवा रसायनाच्या नावाने सामान्य माणसाला शोधता येतील अशी मांडणे, एवढेच काम राहिले आहे. त्याला नवा कायदा लागत नाही.

तूर्त पुढील मार्ग आहेत. ज्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी मिळाली आहे, त्यांनी अटींच्या पूर्ततेचे सहामाही अहवाल द्यायचे असतात. ते आणि नमुना ५ कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवावेत अशी अट मंजुरीपत्रात बहुधा असते. आधी ते मंजुरीपत्र वाचावे. दुसरा मार्ग नोंदवहीचा. हवा प्रदूषण कायद्याच्या ५१ व्या कलमानुसार आणि जल प्रदूषण कायद्याच्या २५ व्या कलमानुसार मंडळाने संमतीपत्रांची नोंदवही ठेवायची असते आणि संबंधित व्यक्तीला ती पाहता येते.

तिसरा आणि सर्वांत उपयोगी मार्ग माहिती अधिकाराचा. येथे आपल्या भागातील एक अडचण लक्षात घ्यावी. सहकारी संस्था केवळ सहकार कायद्याखाली नोंदलेल्या आहेत म्हणून त्या सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निर्णय आहे. त्यामुळे सहकारी साखर कारखान्याच्या कार्यालयात अर्ज देऊन बहुधा काही हाती लागणार नाही. अर्ज प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापुरातील कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांना द्यावा. खासगी संस्थेची जी माहिती शासकीय प्राधिकरणाला अन्य कायद्याखाली मिळवता येते, तीही कायद्याच्या २ (च) कलमाच्या व्याख्येत ‘माहिती’ आहे. अर्जासोबत दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून पर्यावरणाच्या ऱ्हासाविषयीचे निवेदन त्यात लिहीत बसू नये.

मागावे ते असे : मागील तीन वर्षांचे नमुना ५, चालू संमतीपत्राची प्रत, चिमणीच्या नमुना तपासणीचे सर्व अहवाल, त्यांत धुराच्या प्रवाहाची मोजणी असलेली पाने धरून, महिन्यागणिक जाळलेले इंधन आणि त्यातील राख व गंधकाचे प्रमाण, आणि चिमणीतील उत्सर्जन सतत मोजणारी सलग मोजणी यंत्रणा किती तास बंद होती याची नोंद. प्रवाह आणि चालू तास हे दोन आकडे मिळाले की प्रमाणाला त्यांनी गुणून वार्षिक बेरीज आपली आपल्याला काढता येते. प्रवाहाचे पान बहुतेक वेळा मागायचे राहून जाते आणि मग नुसत्या प्रमाणावरच वाद अडतो.

उत्तर तीस दिवसांत यायला हवे. व्यापारी गुपित म्हणून ८ (१) (घ) कलमाखाली नकार आला, तर तीस दिवसांच्या आत पहिले अपील करावे. हवेत सोडून दिलेल्या वायूच्या वजनात गुपित काय, आणि असलेच तरी व्यापक लोकहित त्याहून मोठे आहे, हे दोन मुद्दे अपिलात मांडावेत. तेच कलम लोकहिताचा अपवाद मान्य करते.

कारखाना स्वतःच आकडे भरणार आणि आपण ते खरे मानायचे? (शिरोली पुलाची)

आपली शंका रास्त आहे. अमेरिकेतही नोंदवहीसाठी प्रत्यक्ष मोजणी सक्तीची नाही. मोजणी उपलब्ध असेल तर ती, नसेल तर कोळशाच्या पृथक्करणावरून केलेला जमाखर्च, ठरावीक गुणांक किंवा अभियांत्रिकी अंदाज चालतो. त्यामुळे एखाद्या वर्षी आकडा घसरला तर प्रदूषण घटले की हिशेबाची पद्धत बदलली, हे विचारावे लागते. तरीही जाहीर होण्याचा दबाव खरा असतो. नोंदवहीचा पहिला हिशेब दाखल होण्याच्या वेळीच, १९८८ मध्ये, मोन्सॅन्टो कंपनीने आपले हवेतील विषारी उत्सर्जन १९९२ अखेरपर्यंत ९० टक्क्यांनी कमी करण्याचे जाहीर केले. तोवर ते आकडे कंपनीखेरीज कोणाला ठाऊक नव्हते.

आपल्याकडे याबाबत गुजरातचा अनुभव फार बोलका आहे. तेथे पर्यावरण तपासनीस कारखानेच निवडत आणि तेच त्यांना पैसे देत. २००९ ते २०११ या काळात काही कारखान्यांसाठी पद्धत बदलून पाहिली गेली : तपासनीस सोडतीने ठरवायचा, मानधन एका सामायिक निधीतून द्यायचे आणि त्याच्या काही मोजण्या दुसऱ्याकडून पुन्हा करून घ्यायच्या. जुन्या पद्धतीत अहवालातले आकडे मर्यादेच्या जरासे खाली दाटीने जमत असत. नव्या पद्धतीत ते खऱ्याच्या जवळ आले आणि त्या कारखान्यांचे प्रदूषणही कमी झाले. माणसे तीच होती, पैसे कोण देतो एवढेच बदलले.

महाराष्ट्राच्या मंडळाने जून २०१७ मध्ये चिमणीतील धूलिकणांच्या तपासणीवरून उद्योगांना एक ते पाच तारे देण्याची योजना सुरू केली. सामान्य माणसाला समजेल अशी ती आहे, पण तारा प्रमाणावर मिळतो, बेरजेवर नाही. याखेरीज, जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांनी सलग मोजणीची यंत्रे बसवावीत असा केंद्रीय मंडळाचा २०१४ चा आदेश आहे. औष्णिक वीज आणि साखर हे दोन्ही त्या १७ मध्ये आहेत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी माहिती लोकांसमोर मांडण्याविषयी निर्देश दिले. या यंत्रांवर दिवसचे दिवस एकच आकडा सरळ रेषेत दिसत असेल, तर हवा स्थिर आहे असे न समजता यंत्र तपासायला हवे असे समजावे.

वीजकेंद्राच्या राखेच्या विटांनी घर बांधणे सुरक्षित आहे का? (हातकणंगले)

होय. विटेत किंवा सिमेंटमध्ये राख घट्ट बांधली जाते आणि तिच्यातील धातू सहज सुटत नाहीत. काळजी घ्यायची ती मोकळ्या, कोरड्या राखेची. ती उतरवताना, चाळताना नाकातोंडावर फडके नव्हे, चांगला मास्क असावा. भारतीय कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. वर सांगितलेल्या ५०० मेगावॅटच्या एका संचातून दिवसाला तीन हजार टनांच्या आसपास राख निघते. ती वापरली जाणे हिताचेच आहे. केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राखेचा पूर्ण वापर बंधनकारक केला आहे. अडचण होते ती वापराच्या नावाखाली एखाद्या सोडून दिलेल्या खाणीत किंवा ओढ्याकाठी ती ओतली जाते तेव्हा. आपल्या भागात तसे दिसल्यास वाहनाची नोंद घेऊन मंडळाला कळवावे.

गळीत हंगामात गच्चीवर काळे कण पडतात. बगॅस तर नैसर्गिक इंधन, मग त्रास कसला? आणि तक्रार कशी लिहावी? (शिरोळ)

बगॅसमध्ये गंधक नगण्य आणि राखही कोळशाच्या तुलनेत फारच कमी, त्यामुळे पारा, आर्सेनिक, गंधकाम्ल यांची वर केलेली चर्चा त्याला जशीच्या तशी लागू होत नाही. बगॅसचा प्रश्न अर्धवट जळलेल्या कणांचा आहे. बगॅस ओला असला, किंवा हवेचा पुरवठा नीट जुळलेला नसला, की हलके काळे तंतू धुराबरोबर वर उडतात आणि मैलभर पलीकडे खाली बसतात. गच्चीवर दिसणारे मोठे कण झाडून टाकता येतात. त्यांच्याबरोबर जे बारीक कण असतात ते दिसत नाहीत आणि फुप्फुसाला तेच अधिक बाधतात. चिमणीच्या अलीकडे बसवलेली पाण्याच्या फवाऱ्याची यंत्रणा किंवा ईएसपी नीट चालू असेल तर हे बरेच आवरते. हंगाम संपल्यावरही बॉयलर चालू दिसला तर त्यात कोणते इंधन जळते आहे हे अवश्य विचारावे. ते इंधन कोळसा असेल तर पूर्वीच्या उत्तरांतले सारे प्रश्न तेथे लागू होतात.

तक्रारीत ‘नेहमी धूर येतो’ असे लिहिल्यास तपासणीला कोणी आलेच तरी त्या दिवशी धूर नसतो आणि प्रकरण मिटते. त्याऐवजी तारीख, सुरुवातीची व शेवटची वेळ, धुराचा रंग, वाऱ्याची दिशा आणि कारखान्यात अनेक चिमण्या असतील तर त्यांतली कोणती, हे प्रत्येक वेळी लिहून ठेवावे. पंधरा-वीस दिवसांची अशी नोंद जोडून, त्याच तासांची सलग मोजणी यंत्राची नोंद आपल्याला दाखवावी अशी मागणी मंडळाकडे करावी. दोन्ही नोंदी जुळल्या तर तक्रार सिद्ध होते. आपण धूर पाहिला त्या तासांत यंत्राचा आकडा खाली किंवा कोरा असेल, तर यंत्राविषयीच खुलासा मागता येतो.